कडं आणि कड

झानडामला, पवनचक्क्यांच्या रांगेत
शेवटून दुसरी वखार सफेद्याची.
तिथे मी शिशाची पट्टी वळते.
वेंडेलमूट माझं नाव.
मडक्याच्या तळाला दोन पळ्या सिरका,
त्यावर कडं, सिरक्याला न टेकणारं,
वर झाकण, तेही शिशाचंच.
मग घोड्याची लीद, मग फळ्या, मग पुन्हा मडकी,
थेट छपराला भिडेपर्यंत.
दार लिंपून आम्ही घरी जातो.
आत, अंधारात, कुजण्याच्या उबेत
काळं शिसं पांढरं होत राहतं,
कुणी न बघता.

हे ऐकून क्विरेन झोपत नाही.
तो पलीकडच्या गल्लीत भट्टीपाशी, भुवया जळालेला.
म्हणतो, शिसं म्हणजेच शनी, लंगडा म्हातारा,
पोटात राजा दडवून बसलाय.
आधी काळा होतो, मग पांढरा, मग
मग काय, ते त्यानं अजून पाहिलेलं नाही.
बायकोचे लग्नातले चमचे विकून झालेत.
मी म्हटलं, पांढऱ्यापर्यंत मी दर तिमाहीला जाते.
पुढे रंगवाल्याचा माणूस येतो, तोलून नेतो.
ऐकतोय कोण.

पंचांग छापणाऱ्या लुब्बर्टनं माझी जन्मवेळ विचारली.
आईला एवढंच आठवत होतं
की बांध फुटला त्या रात्री,
आणि सुईण होडीतून आली.
त्यावर त्यानं वर्तुळ काढलं, आत रेघा:
शनी लग्नी. थंड, कोरडा.
म्हणून पोटात कळ,
म्हणून हिरडीवर निळी रेघ,
म्हणून तू हसत नाहीस.
आमच्या वखारीतल्या अकराजणींच्या हिरड्या निळ्या आहेत.
सगळ्याच शनी लग्नी?
त्यानं दोन नाणी उचलली
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

भाऊ बारेंट भिंगं घासतो.
त्याच्या नळीतून मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा
म्हाताऱ्याला कान होते.
दोन्ही बाजूंना, कढईच्या कड्यांसारखे.
मला हसू आलं.
(लुब्बर्टला सांगायला हवं होतं.)
मग वर्षागणिक कान बारीक होत गेले,
आणि यंदाच्या उन्हाळ्यात नाहीतच.
नुसता गोळा, वाटाण्याएवढा, पिवळट.
बारेंटनं भिंग काढलं, धुतलं, पुन्हा घासलं,
नळी बदलली, कुत्र्यावर खेकसला,
शेवटी म्हणाला, हात टेकले.

हात माझे टेकलेत.
मनगटापासून खाली लोंबतात,
पाणी काढलेल्या पंपाच्या दांड्यासारखे.
हातावर पोट असणाऱ्या बाईनं
हात कुणाला दाखवावा?

तरी पदरात लपवून आणलेलं एक कडं
दोन्ही तळव्यांत धरून त्याच्यासमोर उचललं.
बघ, असं धरलं तर कडं.
जरा तिरकं केलं तर कान.
आणि असं, कडेवरून,
आता सांग, काय दिसतं?
त्यानं दिवा जवळ आणला. डोळा मिटला.
रेघ, म्हणाला.
मग मी दहा पावलं मागे गेले.
मग तो काहीच म्हणाला नाही.

कुठे गेलेलं नाही ते.
आपल्याकडे पातळ बाजू फिरवून बसलंय, इतकंच.
गोल चकती, मध्ये गोळा, कुठेही न टेकलेली,
मडक्यातल्या कड्यासारखी.
कुणी ठेवली असेल
इतक्या लांब, इतक्या थंडीत,
सिरक्यावाचून?

बारेंट लिहून घेत होता.
माझं नाव त्यानं घातलं नाही, मीही विचारलं नाही.

उद्या शनिवार. शनीचाच वार, आमच्या बोलीतही.
मुकादम रांगेनं पैसे वाटतो.
पुढच्या बाया तळहात पसरतात.
माझी बोटं उघडत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे.
तो नाणी माझ्या अंगरख्याच्या खिशात टाकतो,
वर न बघता,
आणि यादीत माझ्या नावापुढे
एक आडवी रेघ ओढतो.