अठरा गेजचा पत्रा

घाट रोडवर, निनावे मिस्त्रींच्या शेडमध्ये
फियाट एका कुशीवर,
जुन्या टायरांच्या उतरंडीला टेकवलेली,
आणि मिस्त्री तिच्या पोटाला
पेचकसाच्या मुठीनं ठोकत ऐकतायत.
ठण् म्हणजे आहे.
भस् म्हणजे गेलं.

"काहून ताई, इतक्या लेट आणली?"
आणि पेचकस आरपार घालून दाखवतात,
ओल्या पापडातून जावा तसा.

हिशेब दिला कोणाच्यातरी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर:
चारही फ्लोअर, अठरा गेज, बावीस हजार.
कटिंग-वेल्डिंग चौदा.
लाल प्रायमर, खालून डांबर, साडेसहा.
मग आडवी रेघ. रेघेखाली बेरीज नाहीच,
फक्त 'उघडल्यावर कळेल.'

बेरीज मी ऑटोत बसून केली.
पुरूला फोन लावला पुण्याला.
तो म्हणाला, अख्ख्या गाडीचे कोणी तीस देईना,
तू तिच्या तळालाच बेचाळीस घालतेस?
बरोबर बोलतो तो.
लहानपणापासून त्याचं गणित चांगलं.

गंज कुठून आला ते मला ठाऊक आहे.
पोर्चमधल्या कूलरनं आणला.
पाइप लावून आम्ही विसरायचो, टाकी भरून वाहायची,
पाणी बोनेटवरून काचेच्या रबरात,
तिथून मॅटखाली, आणि तिथंच मुक्काम.
बाहेर सेहेचाळीस अंश.
आत वाळ्याच्या वाऱ्यात आम्ही चौघं उताणे,
तोंडं उघडी टाकून झोपलेलो.
आमची दुपार गार होत होती
आणि भिंतीपलीकडे तिचं लोखंड आंबत होतं.
बाबा दरवर्षी म्हणायचे, यंदा कूलर सरकवू.
कूलर जड होता.

भोक पडलं ते मागे, माझ्या पायाशी.
त्यातून रस्ता दिसायचा, पळणारा,
पांढरे पट्टे, एकदा एक चप्पल.
बघायचे पुरू मला पाच पैसे द्यायचा.
लोखंडी पुलाखाली पाणी साचलेलं असलं
की बाबा आरशातून ओरडायचे, पाय वर!
आणि कारंजं उडायचं थेट टपापर्यंत,
आई साडी सावरत बाबांच्या खानदानाचा उद्धार करायची.

मिस्त्रींनी कापलं तेव्हा
मॅट निघाली, नारळाचा काथ्या निघाला, डांबर निघालं,
आणि डांबराखाली ठोकून सपाट केलेला
वनस्पती तुपाचा डबा, सोळा रिव्हेट,
एकही सरळ नाही.
हिरवं झाड अजून हिरवं होतं.
"हे कोन्या मिस्त्रीचं काम?"
मी सांगितलं, एजी ऑफिसातल्या स्टेनोचं.
ते हसले नाहीत. रिव्हेटवर अंगठा फिरवला,
म्हणाले, "धरून ठेवलं मात्र."

उघडल्यावर कळलं: दारांखालच्या पट्ट्याही. आणखी नऊ हजार.
एफडी मोडताना बँकेतली मुलगी म्हणाली, कारण?
मी लिहिलं, घरदुरुस्ती.

जुना पत्रा भंगारवाल्यानं तराजूवर टाकला.
अकरा किलो.
नवा आणला होता एकोणीस.
मी विचारलं, आठ किलो कुठं गेलं?
"उडून गेलं नं ताई. रस्त्यानं सांडत गेलं."

म्हणजे थोडं रामटेकच्या चढावर असेल.
थोडं सीताबर्डीत, सिग्नलला.
मेयोच्या गेटसमोर सर्वांत जास्त,
तिथं त्या महिन्यात गाडी रोज उभी असायची,
इंजिन चालू, दार उघडं.

अकरा किलोचे तीनशे तीस आले.
डब्याचा तुकडा मी मागून घेतला,
तर त्यानं दहा रुपये कापले.

डिसेंबरात घरी आणली.
पायाखाली काही हललं नाही,
थरथर नाही, वारा नाही,
नव्या रंगाचा वास, आणि एक शांतता
जिची सवय व्हायला वेळ लागेल.
लोखंडी पूल कोरडा ठणठणीत होता.
शेजारच्या सीटवर तो डबा खडखडला,
आणि क्लच सोडून
माझा डावा पाय आपोआप वर गेला.