चार गुणांचा प्रश्न

कादंबरीची प्रत एकच होती,
शाळेच्या शिक्क्याची, पाठीला दाभणाचा दोरा घातलेली.
म्हणून मीच वाचायचे, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला.
बेटावदचं ऊन, पत्रे, आणि एक्केचाळीस जण
डबा पचवत ऐकणारे.

नायकाचं नाव उखर्डू.
आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून आईनं
ह्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललेला.
वर्ग खदखदून हसला.
ज्यांच्या आज्यांची नावं दगूबाई होती, ते जरा कमी.

शहरातल्या वसतिगृहात उखर्डूनं
रजिस्टरात 'उदय' लिहिलं.
दिवाळीआधी बाप आला,
फडक्यात कळण्याच्या भाकरी, वर ठेचा.
वॉचमन म्हणाला, उखर्डू नावाचं इथं कुणी नाही.
वरच्या खिडकीतून उदय बघत होता.
बाप बराच वेळ फाटकावरची पाटी वाचत राहिला,
वाचता येत नसताना.

तिथंच घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं:
उदयचे स्वभावचित्र रेखाटा. गुण चार.
लोकेश गिरासेनं लिहिलं, जिद्दी, महत्त्वाकांक्षी, स्वावलंबी.
हे शब्द गाईडात प्रत्येक नायकाला मिळतात,
गणवेशासारखे.
हर्षाली बोरसेनं लिहिलं, कृतघ्न,
आणि खाली दोन रेघा मारल्या, पान फाटेस्तोवर.
दोघांना तीन-तीन दिले.

योगराज मालचेच्या वहीत एकच ओळ:
'तो खोटा नही शे बाई, तो घाबरेल शे.'
तिच्याखाली खोडलेली, तरी वाचता येणारी आणखी एक:
'मी बी धुयाले आडनाव नही सांगं.'

लाल पेन 'शे'वर जाऊन थांबलं.
सवय.
बावीस वर्षं मी 'शे' खोडून 'आहे' लिहिते आहे.
नाशकात, डी.एड.च्या पहिल्याच पाठाला
माझ्या तोंडून निसटलं होतं ते अक्षर;
अख्खी बॅच महिनाभर मला त्याच नावानं हाक मारायची.
मग मी निवडलेल्या तांदळासारखं बोलायला शिकले.
नावही बदललं, रीतसर, राजपत्रात.
तनुजा.
आधीचं सांगत नाही.
वर्गातही सांगितलं नाही. फक्त फाटकाशी बाप आला तेव्हा
आवाज बसला,
पोरांना वाटलं, खडूची धूळ.

योगराजला चार दिले.
शुद्धलेखनाचे, प्रमाणभाषेचे कापायचे असतात. कापले नाहीत.
खाली शेरा लिहायला घेतला,
आईच्या बोलीत, आयुष्यात पहिल्यांदा:
'बराबर शे भाऊ. माले बी'
आणि पुढच्या शब्दाला अडले.
भिव, की भीव?
मराठीची बाई मी, वेलांटीपाशी पेन धरून बसलेली.
ह्याचा नियम कुठल्या पुस्तकात बघायचा?

रात्री आईला फोन लावला.
ती आधी हसली. मग जरा वेळानं, अगदी खरंच विचारावं तसं म्हणाली,
'हाई लिखतस बी का वं, ठगू?'