निरंक

रकाना अकरा.
‘परदेशातून मिळालेले साहाय्य: रोख, वस्तू, प्रवास, मानधन
अथवा अन्य. असल्यास तपशील द्यावा.
नसल्यास निरंक असे लिहावे.’

गेल्या साली मी निरंक लिहिलं.
सुबक अक्षरात, शिरोरेघ न तुटता.
पैसा कुठं आला होता?
आलं होतं एक यंत्र, उट्रेख्तहून,
लाकडी खोक्यात, भुशात बसून,
हळद गोठवून सुकवणारं, वापरून परत करायच्या बोलीवर.
सोबतच्या पत्रात मैत्री हा शब्द तीनदा.
मग एक तिकीट, जाऊन येऊन.
मग दर तिमाहीला, माझ्या एकटीच्या खात्यावर,
सल्ल्याचं मानधन.
सल्ला कुणी विचारला नाही कधी.
विचारले फक्त आकडे,
राजापुरी हळदीचे, गावाच्या नावानिशी, शेतानिशी,
आणि मी ते पाठवले
दिल्लीला पाठवायच्या सव्वा महिना आधी.

प्रकल्प सरकारचा. बाकड्यावर नंबर सरकारचा.
पंख्यावरसुद्धा पांढऱ्या रंगात सरकारचा.
त्या यंत्रावर मात्र
नंबर घालायचा राहून गेला होता.

यंदा नियम कडक झालाय, चौगुले म्हणाले.
लेखाविभागातले भूपाल चौगुले,
तंबाखू मळता मळता फाईल चाळणारे.
जिभेला अंगठा लावून त्यांनी पान उलटलं
आणि नेमका तो गेल्या सालच्या फॉर्मवर टेकवला,
जिथं माझ्या बोटाचा पिवळा ठसा होता, निरंकच्या शेजारी,
प्रयोगशाळेतून तशीच उठून आले होते त्या दिवशीचा.
चुना लागला. ठसा लाल झाला.
त्यांनी पाहिलंही नाही.
मी पाहिलं.
पंचवीस वर्षं पोरांना हेच शिकवतेय की,
हळद चुन्याला बघून रंग बदलते,
ती काही लपवत नाही, पहिल्या तासाचा पहिला प्रयोग.

चौगुल्यांनी पुढचं पान उलटलं.
चहा मागवू का, म्हणाले.

संध्याकाळी नमुने आणायला हरिपूरला गेले.
पेवं आता थोडीच उरलीत, पुरानं बरीच खाल्ली.
दस्तगीर नदाफांनी एकाचं तोंड फोडलं
आणि बाजूला जाऊन बसले, पाय पसरून.
उतरायचं नाही? मी विचारलं.
लगेच न्हाई, मॅडम. बंद होतं न्हवं इतके महिने.
आधी त्याला श्वास टाकू द्यायचा.
मग कंदील सोडायचा दोरीनं.
इझला तर माणूस वरच.
आणि तेवढ्यात कुणी उतरलंच तर?
त्यांनी बिडी विझवली, उत्तर नाही दिलं.
पल्याड संगमावर कुणीतरी म्हैस धूत होतं.
आत, अंधारात, पिवळा माल पिवळा आहे की नाही
हे वरून सांगता येत नव्हतं.

रात्री फॉर्म काढला.
रकाना अकरा दीड इंचाचा.
यंत्र मावेना, तिकीट मावेना, मैत्री तर मुळीच मावेना.
‘सोबत जोडपत्र अ पाहावे.’
जोडपत्र अ मला पहाटेपर्यंत पुरलं.
तारखा आठवेनात, मग बँकेचं पुस्तक काढलं,
त्याला सगळ्या आठवत होत्या.
आकडे आधी कुणाला पाठवले, तेही लिहिलं.
ते कुठल्याच रकान्यात विचारलेलं नव्हतं.

सकाळी चौगुले उभ्यानंच वाचत गेले.
दुसऱ्या पानावर खुर्चीत बसले.
तंबाखूची डबी टेबलावर तशीच उघडी.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
मॅडम, रक्कम आकड्यात लिहिलीत.
अक्षरी राहिली.

त्यांनीच पेन पुढं केलं.
मी लिहिलं:
अक्षरी रुपये चार लाख ब्याऐंशी हजार नऊशे
आणि त्यापुढं, रिवाजाप्रमाणे,
फक्त.