दोन दारं

मखमलाबादची द्राक्षबाग काढली
तेव्हा नंदन जाळी भंगारात टाकत होता.
म्हटलं, राहू दे.
नऊ वर्षं हिनं पाखरं बाहेर ठेवली,
आता आत ठेवील.

वेल्डर गांगुर्डेनं भोकातून दोन बोटं घातली :
"काकू, तुमची फिंच यातून चहा पिऊन परत येईल."
मग अर्ध्या इंचाची तारजाळी. बागेचे फक्त अँगल.
खाली फरशी, घुशींसाठी.
उत्तरेला ताडपत्री;
निफाडचा गारठा इकडे यायला तिकीट काढत नाही.

सत्तारभाईंनी झेब्रा फिंचच्या दोन जोड्या दिल्या.
मुनिया मागितल्या तर कानाची पाळी धरली,
"त्या रानातल्या. पाप आणि पोलीस दोन्ही."
राळा, समुद्रफेस, काथ्याची घरटी,
आणि ताकीद :
पहिला आठवडा नुसतं बसायचं.

बसले.
लाल चोची. नराच्या गालावर गंजाचा डाग.
आवाज पोराच्या रबरी बदकाचा,
जे नंदननं चावून चावून फाडलं होतं.
सहाव्या दिवशी एकीनं काथ्या ओढला,
आणि मी उगाचच शेजारी सांगून आले.

पिंजऱ्याला दारं दोन.
एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
मधे हातभर जागा.
तिथं डबा घेऊन उभी असते रोज सकाळी.
बाहेर सांडलेल्या राळ्यावर
ठिपक्यांची मुनिया येते, रानातली.
बागेत हिलाही पत्र्याचा डबा वाजवून हाकललं असेल मी,
द्राक्षं हिनं खाल्ली नसतानाही.

ती टिपत असेपर्यंत
मी कुठलंच दार उघडत नाही.