प्रश्नचिन्ह कुठं बसतं

ग्युम्रीच्या छापखान्यात पहिल्या दिवशी
अराक्सीबाईंनी मला पेन्सिल दिलीच नाही.
एक लोखंडी पट्टी दिली, टोकाला गंजलेली.
"ओळीखाली धर. पुढची ओळ दिसता कामा नये.
डोळा हावरा असतो, पोरी,
अर्धा शब्द चघळतो, उरलेला तसाच गिळतो."

दुसऱ्या दिवशी उलटं वाचायला लावलं,
शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडं,
म्हणजे अर्थ मध्ये लुडबुडत नाही
आणि अक्षरं उघडी पडतात
न्हाणीतून पळालेल्या पोरांसारखी.
नावं कागदाशी ताडायची. आकडे बोटानं मोजायचे.
आणि कुणाचं वाक्य लंगडत असेल
तर आधी बघायचं,
तो माणूसच तसा चालतो का.

तिसऱ्या आठवड्यात लाल पेन्सिल हाती आली
आणि मी स्वल्पविराम पेरत सुटले.
त्या मागून खुडत आल्या, न बोलता.
शेवटी एवढंच म्हणाल्या,
"इथं धाप तुला लागली. वाक्याला नाही."

आमच्या लिपीत प्रश्नचिन्ह
वाक्याच्या शेपटाला बांधत नाहीत.
ज्या शब्दाला विचारायचं त्याच्याच स्वरावर
ते वाकून बसतं.
शेवटी नुसती दोन टिंबं, एकावर एक,
प्रश्न असो नसो, दार तिथंच लागतं.
म्हणून आधी ठरवावं लागतं
नक्की काय विचारायचंय ते.

जानेवारीत एक छोटी जाहिरात आली.
पाथरवट मनुकची, चौकटीच्या वहीतल्या पानावर,
चार शब्दांचे पैसे मोजून दिलेली:
सेरोब तू घरी येतोयस
सेरोब त्याचा भाऊ. अठरा वर्षं क्रास्नोदारला.
आमचा पेपर तिकडं बसनं जातो,
चीजभोवती गुंडाळलेला.

मी 'येतोयस'वर चिन्ह ठेवून मोकळी झाले.
"तुला कुणी सांगितलं?" अराक्सीबाईंनी चष्मा काढला.
"'तू'वर ठेवलं तर: तू, का नुसते पैसे?
'घरी'वर ठेवलं तर: घरी, का बहिणीकडं उतरणार?
आणि तू ठेवलंयस तिथं ठेवलं
तर त्याला नाही म्हणायची सोय होते.
जा. विचारून ये."

उणे एकोणीस. बुटात वर्तमानपत्राच्या घड्या.
मनुक शेडमध्ये काळ्या दगडावर
दुसऱ्याच कुणाचं तरी नाव खडूनं आखत होता.
मी तीन चालींत तीनदा वाचून दाखवलं.
तीनदा त्यानं मान हलवली.
मग हात पुसून कागद घेतला, स्वतः वाचला,
भाकरी फडताळात आहे, असं सांगावं
तसल्या सपाट आवाजात.
"विचारलंय कुठं मी?" म्हणाला,
आणि परत खडू उचलला.

अराक्सीबाईंनी माझं चिन्ह खोडलं,
ओळीखाली बारीक टिंबांची रांग मारली,
समासात लिहिलं: असू द्या.
फक्त 'सेरोब'वर एक तिरका फटकारा दिला,
हाक मारलेल्या नावावर देतात तो.
"एवढं व्याकरण लागेल त्याला," म्हणाल्या,
"लांब आहे तो."

शुक्रवारी अंक निघाला.
चौथ्या पानावर, तळाशी, चार शब्द
आणि दोन टिंबं, जागच्या जागी.
पहिल्या पानावर, सगळ्यांत मोठ्या टायपात,
नगराध्यक्षांच्या आडनावातलं एक अक्षर पळालेलं.
आम्ही दोघींनी वाचलं होतं ते.
मी तर एकदा उलटंसुद्धा.