उष्टी हवा

दुकानातली पहिली इतकी हलकी की पोरानं करंगळीवर तोलून दाखवली.
तळ्यापुरती ठीक आहे, म्हणाला,
खडकांशी गाठ असेल तर कातडी जाड हवी.
दुसरीच्या तळाला भोकं, आत आलेलं पाणी आपसूक बाहेर.
पण जानेवारीत, डेव्हनमध्ये,
बूड भिजवत बसायचं माझं वय नाही.

तिसरी बकफास्टलीतल्या एका गॅरेजात मिळाली.
विटकरी, वर डेक, पोटावर दोन ठिगळं.
मालक ल्युस्कम, दोन्ही गुडघे बदललेले,
मांडीचे पट्टे कसे आवळायचे ते खुर्चीत बसूनच दाखवलं,
आवळले की कूस बदलता येते, म्हणाला,
पण उलटी झालीस तर एका झटक्यात सुटायला हवेत,
ते आधी शीक.
आणि ठिगळाचं वाईट वाटून घेऊ नकोस.
जी कधी फाटलीच नाही
ती कुठे फाटेल हे कुणाला माहीत असतं?

मी घासाघीस केली नाही.
कोल्हापुरात कुणाला सांगू नका.

घरी आणली ती अर्धवट फुगलेलीच,
गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून.
अ‍ॅशबर्टनच्या त्या चिंचोळ्या गल्लीत
शेजारीण मार्जरी खिडकीतून बघत राहिली.
बाथटबमध्ये शिवणीशिवणीवर साबणाचं पाणी फासलं,
राजारामपुरीतला पंक्चरवाला परातीत ट्यूब बुडवून
बुडबुड्याची वाट बघायचा, तशी बसले.
एकही नाही.
मग जुन्या ब्रशनं चेनच्या दातांतली वाळू काढली, वंगण लावलं.
दिवसभर लोकांचे दात साफ करते मी,
यांनी निदान तक्रार केली नाही.

शेवटी झडप उघडली.
ल्युस्कमची हवा बाहेर आली, बराच वेळ.
काहीतरी वाटेल असं वाटलं होतं.
रबराचा वास आला.

न्यूब्रिजला पाणी चढलेलं, चहाच्या रंगाचं.
पंप नाही हिला, एक लांब पिशवी असते,
तिच्यात वारा पकडायचा, तोंड पिळायचं,
आणि दाबत राहायचं, पुन्हा पुन्हा, कणीक मळावी तशी.
टणक झाली. डार्टमध्ये टेकवली.
आणि ती मऊ पडली.
गार पाण्यात हवा अंग चोरते,
हे त्यानं दोनदा सांगितलं होतं:
तेव्हा घाबरू नकोस, नळीला तोंड लाव आणि फुंक.

तोंड लावणार, तोच थांबले.
आमच्या घरी तांब्याला ओठ न लावता पाणी प्यायचे सगळे,
वरून धार धरून, एक थेंब न सांडता,
मी सांडायचे, म्हणून माझं भांडं वेगळं.
आणि इथे ही नळी,
वीस वर्षं एका अनोळखी माणसाच्या तोंडातली.
जॅकेटच्या बाहीनं पुसली. पुसून काय होणार होतं?

फुंकली.
तिच्या कुशीवर बोटानं टिचकी मारली,
चांगल्या पखवाजासारखी बोलेपर्यंत.

पुलावर काठी टेकून तो उभा होता.
बोलावलं नव्हतं मी.
पहिल्या उतारावर काहीतरी ओरडला,
डावीकडे म्हणाला की उजवीकडे,
पाण्याच्या आवाजात काही कळलं नाही.
मी उजवीकडे गेले.

आता घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुते,
उन्हात नाही, जिन्याच्या कठड्यावर दोन दिवस सावलीत वाळवते,
आतून ओल राहिली तर वास धरते, मग जाता जात नाही.
आणि गुंडाळते सैलसर,
अळूवडीसारखी घट्ट नाही, घडी जिथे मोडते तिथेच चिरते.
कितीही दाबली तरी
कोपऱ्यात कुठेतरी मूठभर हवा राहते.
त्याची की माझी, आता सांगता येणार नाही.

पोटावर तीन ठिगळं झालीत.
तिसरं जरा वाकडं बसलंय.
डावीकडेच म्हणाला होता तो.