ठिकाणाचा रकाना

परवाना भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावायचा असतो.
मी टेप धरून मोजून लावला; माझ्या डोळ्यांच्या नाही,
तपासनीस प्रुइटच्या. तो माझ्याहून वीतभर उंच आहे.

मार्चमध्ये आला तेव्हा चिखलाचे बूट
दाराबाहेर काढले त्यानं. मला ते आवडलं.
मग यादी उघडली.
पाटीवर दुकानाच्या वेळा आहेत का? आहेत.
त्या वेळात दार उघडं असतं का? असतं.
गेल्या गुरुवारी वीस मिनिटं नव्हतं, मीच सांगून टाकलं,
कुत्रा आजारी होता.
त्यानं ते लिहिलं नाही.
सिलिंडर उभे, साखळीनं बांधलेले,
परत आलेली यंत्रं एका खोलीत, धुतलेली दुसऱ्या,
मधे भिंत हवी. पडदा चालत नाही.
त्या भिंतीसाठी मी भावाची बोट विकली.

लोक म्हणतात, ओपल, हे सगळे कागदी घोडे.
मी मान हलवते, अर्धीच.
कारण व्हॅनच्या डिकीतून यंत्रं विकणारा तो माणूस
मला आठवतो. गोड बोलायचा.
आत्याला म्हणाला, नवंकोरं आहे.
आम्ही ते उघडून पाहिलं ते तिला पुरल्यावर, आठवड्यानं.
जाळीत मांजराचे केस होते.
आत्यानं कधी मांजर पाळलं नव्हतं.

म्हणून भिंत मला पटते.
नदीचं तेवढं कळत नाही.

टग फोर्क इथं इतकी अरुंद
की पलीकडे कुणी बेकन तळलं तर अलीकडे भूक लागते.
अलीकडे केंटकी. पलीकडे वेस्ट व्हर्जिनिया.
होबर्ट चॅफिन एकतीस वर्षं कोळशात होता,
आता कोळसा त्याच्यात आहे.
ऑगस्टमध्ये तो मुलीकडे राहायला गेला,
पूल ओलांडून दुसरी गल्ली,
आणि मी त्याच्यासाठी परराज्यातली झाले.

पलीकडचा अर्ज सव्वीस पानी.
जामीन निराळा, विमा निराळा,
सहाव्या पानावर प्रश्न: आमच्या हद्दीपासून किती मैल?
मी लिहिलं, शून्य.
अर्ज परत आला. शून्य चालत नाही.
मी लिहिलं, पाव.

तोवर परवाना भिंतीला टांगलेला
आणि होबर्टचा जीव टांगणीला.
दर मंगळवारी रोंडा त्याला गाडीत घालून आणायची
माझ्या दारात. तो उतरायचा नाही.
मी खिडकीतून वही पुढे करायची. सही इथं. तारीख.
ठिकाण: केंटकी.
होबर्ट, एवढं लिहून तो थांबायचा,
दम गोळा करायचा,
मग चॅफिन.
एकदा म्हणाला, आडनाव लहान असतं तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरच्या वादळात पलीकडची वीज गेली.
रात्री दोनला रोंडाचा फोन. यंत्र बंद,
सिलिंडरचा काटा लाल रेषेत.
मी दोन भरलेले ट्रकमध्ये बांधले. हो, साखळीनं.
पुलाच्या मधोमध राज्याच्या नावाची पाटी आहे.
माझी पुढची चाकं तेव्हा कुठं होती, विचारू नका.
रोंडा नाइटगाऊनवर बापाचं खाणीतलं जाकीट चढवून
चालत आली, कपाळावर त्याचाच दिवा.
आम्ही काही बोललो नाही. सिलिंडर जड असतात.

प्रुइट पुन्हा आला तो नोव्हेंबरात.
वही चाळत चाळत त्या पानावर थांबला.
ठिकाणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: पूल.
कुठल्या बाजूला?
अंधार होता, मी म्हटलं.

त्यानं पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
बाहेर जाऊन बूट घालायला वाकला,
एक नाडी तशीच सोडून उठला, म्हणाला,
डावीकडून तिसरा सिलिंडर. साखळी सैल आहे.

मी जाऊन पाहिलं.
सैलच होती.